पांढरीचं टेकाड, लेण्यातली टाकी आणि शाळेची सहल: मुलांना पाण्याचा हिशोब जागेवर शिकवता येईल का?

घोडकाठी

नमस्कार मंडळी. मी शिरूर तालुक्यात आठवी ते दहावीला भूगोल शिकवतो. पर्यावरण म्हटलं की शाळांमधून काय होतं ते सगळ्यांना माहितीय, जूनमध्ये रोपं लावायची, फोटो काढायचा, 'पाणी वाचवा'वर निबंध, घोषवाक्यं, प्रभातफेरी आणि संपलं. मुलं निबंध छान लिहितात हो, पण त्याच मुलाला विचारा की बाबा तुमच्या एकरभर उसाला वर्षाला पाणी किती लागतं, तुमच्या रानावर पाऊस किती पडतो आणि मग वरचं पाणी येतं कुठून, तर उत्तर नसतं. बापाला पण विचारून येत नाही. पाणी हा मोजायचा विषय आहे हेच कुठेतरी सुटलंय.

आता मुद्दा. आमच्या तालुक्यातच घोड नदीच्या काठावर इनामगाव आहे, तिथे जुन्या वस्तीचं टेकाड (पांढर) आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं, सांकलिया, धवलीकर, अन्सारी ही मंडळी त्यात होती. महाराष्ट्रातल्या अगदी सुरुवातीच्या शेतकऱ्यांचं गाव, साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० असं नऊशे वर्षं नांदलेलं. शंभराहून जास्त घरं उजेडात आली. कुडाच्या भिंती, चोपलेली जमीन, चुली, धान्याची पेवं, रांजण. जव हे मुख्य पीक, जोडीला गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गावाच्या कडेला पाण्याचा पाट सापडला, साधारण २०० मीटर लांब, ४ मीटर रुंद, साडेतीन मीटर खोल, शेजारी दगडमातीचा बांध. पुराचं पाणी अडवून पाटात वळवायचं आणि शेताला द्यायचं असा त्याचा अर्थ उत्खननकर्त्यांनी लावला. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वी ह्याच नदीवर, ह्याच पर्जन्यछायेत कुणीतरी बसून विचार केलेला की पावसाळ्यातलं पाणी हिवाळ्यातल्या जवापर्यंत पुरवायचं कसं.

हे पोरांच्या इतिहासाच्या पुस्तकात एक परिच्छेद म्हणून येतं, भूगोलात येतच नाही. मला वाटतं अशा जागा म्हणजे पर्यावरणाचा वर्ग घ्यायला तयार असलेल्या जागा आहेत, कारण तिथे एखाद्या गावाचा हिशोब सुरुवातीपासून शेवटापर्यंत बघता येतो. आपल्या गावाचा शेवट आपल्याला माहीत नाही, त्यांचा माहितीय. कुणी असं काही केलंय का? काय चाललं, काय फसलं ते लिहा.

पुनवडीकर

कल्पना चांगली आहे सर पण एक अडचण आहे. इनामगावला मी गेलोय, तिथे बघायला काय आहे? उत्खननाचे चर कधीचे बुजले, आजूबाजूला शेती. अजिंठा वेरूळसारखं डोळ्यात भरेल असं काही नाही. आठवीची पोरं दहा मिनिटांत कंटाळून बसकडे पळतील. त्यापेक्षा आधी पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात न्या, तिथे इनामगावच्या वस्तू समोर दिसतात, मग टेकाडावर न्या. उलटं केलं तर वाया जाईल.

घोडकाठी

@पुनवडीकर, संग्रहालय आधी हे अगदी बरोबर, नोंद घेतली.

बघायला काही नाही ह्यावर मात्र मी एक उपाय करतो. पाटच आम्ही शाळेच्या मैदानावर आखतो. फक्कीने ४ मीटर अंतरावर दोन रेघा मारायच्या, लांबी मैदान पुरेल तेवढी. मग साडेतीन मीटरवर फडकं बांधलेला बांबू मधे उभा करायचा आणि वर्गातल्या सगळ्यात उंच पोराला शेजारी उभं करायचं. फडकं त्याच्या डोक्याच्या बरंच वर जातं. त्या क्षणी वर्ग गप्प होतो, कारण मग कळतं की एवढं खोल खणलं होतं, तेही लोखंड नसताना. तांबं होतं पण थोडंच, बाकी दगडाची हत्यारं, लाकूड आणि हात.

मग गणित. २०० गुणिले ४ गुणिले साडेतीन म्हणजे २,८०० घनमीटर माती (कडा सरळ धरल्या तर). एका माणसाने दिवसाला एक घनमीटर काढली असं धरू, म्हणजे २,८०० माणूस-दिवस. पन्नास माणसं राबली तर ५६ दिवस. लगेच प्रश्न येतात, मग ५६ दिवस त्यांना जेवायला कोण देणार? कुणाची पाळी कधी हे कोण ठरवणार? पाणी आधी कुणाच्या शेताला? उत्खननात पाच खोल्यांचं एक मोठं घर सापडलं आणि त्याच्या शेजारी धान्यकोठार, म्हणजे गावात कुणीतरी प्रमुख होता आणि धान्य एकत्र साठवलं जात होतं असं अभ्यासक मानतात. पोरं स्वतःच ह्याची जोड लावतात. आमच्याकडे आवर्तन सुटलं की पाटाच्या पाण्यावरून काय काय होतं हे त्यांनी घरी बघितलेलं असतं, त्यामुळे त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

लेणीवेडी

वा, फार आवडला धागा! मी मुंबईची, शाळांच्या गटांना कान्हेरीची बौद्ध लेणी दाखवते (पगारी गाईड नाही, हौस म्हणून). तुमचं मोजमापाचं जे आहे ना तेच मी तिथे करते म्हणून राहवलं नाही.

बहुतेक सहली कान्हेरीला जातात त्या तीन नंबरच्या चैत्यगृहात फोटो काढतात, वर एक चक्कर मारतात, माकडांना घाबरतात आणि खाली येतात. पण कान्हेरी ही पाण्याची शाळा आहे हो. शंभरावर लेणी, इ.स.पू. पहिल्या शतकापासून पुढे हजारएक वर्षं तिथे लोक राहिले, डोंगरावर, आणि पाऊस फक्त चार महिने. म्हणून जवळजवळ प्रत्येक विहाराच्या दाराशी खडकात खोदलेलं टाकं आहे. आणि ते कुणी खोदून दिलं तेही काही ठिकाणी लिहिलेलं आहे. वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी, महाक्षत्रप रुद्रदामनाची मुलगी, तिच्या शतेरक नावाच्या अमात्याने दिलेल्या टाक्याचा लेख तिथे आहे, दुसऱ्या शतकातला. राजघराण्याशी संबंधित माणूस पुण्य म्हणून पाण्याचं टाकं दान देतो हे मुलांच्या मनाला खूप भिडतं.

मी काय करते सांगते. पहिलं म्हणजे गटाला लेण्याच्या आत नेतच नाही, बाहेर थांबवते आणि सांगते की वरती छपराच्या खडकाकडे बघा आणि पाणी पडलं तर कुठून कुठे जाईल ते बोटाने दाखवा. मग त्यांना ती खाच दिसते. खडकाच्या माथ्यावरून तिरकी येणारी, चारेक बोटं रुंद, छिन्नीचे घाव अजून हाताला लागतात. ती दारावरून पाणी बाजूला घेते आणि थेट टाक्याच्या तोंडाशी आणून सोडते. मुलं एकामागून एक त्या खाचेतून बोट फिरवत टाक्यापर्यंत जातात. मग टाक्याचं तोंड बघायचं, लहानसं चौकोनी, आणि आत पोकळी मात्र खडकाखाली बरीच पसरलेली. का बरं असं? कुणीतरी म्हणतंच की ऊन लागू नये म्हणून. बाष्पीभवन हा शब्द मी उच्चारायच्या आधी त्यांना कळलेलं असतं.

दुसरं म्हणजे गणित. गाठी मारलेली दोरी आणि टोकाला दगड, एवढंच साहित्य (मुलांना कडेवर वाकू देत नाही, दोरी मोठं माणूस सोडतं). समजा टाकं ३ मीटर लांब, २ रुंद, २ खोल, तर १२ घनमीटर, म्हणजे १२,००० लिटर. मुंबईचा पाऊस वर्षाला साधारण सव्वादोन ते अडीच हजार मिमी. एक चौरस मीटरवर एक मिमी पाऊस म्हणजे एक लिटर. मग हे टाकं भरायला किती खडक लागेल? उत्तर येतं जेमतेम पाच-सहा चौरस मीटर, म्हणजे एका छोट्या खोलीएवढं छप्पर. पहिल्यांदा कुणाचाच विश्वास बसत नाही, परत परत आकडेमोड करतात.

मग पुढचं. कोरडे आठ महिने म्हणजे २४० दिवस. एका भिक्खूला पिण्या-धुण्याला दिवसाला १० लिटर धरले तर २,४०० लिटर. म्हणजे त्या टाक्यावर पाच माणसं पावसाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत निघतात. आणि शहरात माणशी १३५ लिटरचं मोजमाप धरतात, त्याने तेच २४० दिवसांचे ३२,४०० लिटर होतात, एकट्याचे! इथे मी काहीच बोलत नाही, पोरं आपापसात भांडायला लागतात की १० लिटरमध्ये आंघोळ कशी होईल वगैरे, ते भांडण होऊ द्यायचं.

पुनवडीकर

हे मस्त आहे. पाच-सहा चौरस मीटरवाला आकडा मी स्वतः करून बघितला, बरोबर आहे. आमच्या सोसायटीची गच्ची किती मोठी आहे आणि जानेवारीपासून टँकर चालू असतात.

सह्यवारा

सुंदर चर्चा. मला वाटतं ह्यातून मुलांना एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे की आपले पूर्वज निसर्गाशी एकरूप होऊन जगत होते, त्यांनी कधी निसर्गाला ओरबाडलं नाही, आणि आपण पाश्चात्त्य विकासाच्या नादी लागून ते सगळं विसरलो. असा अभिमान जागा झाला की मुलं आपोआप पर्यावरण सांभाळतील.

खापरशोध

@सह्यवारा, तुमची कळकळ समजते, पण मी पुरातत्त्वाचा विद्यार्थी आहे आणि इथे थोडं थांबावंसं वाटतं. टाकी खोदणाऱ्यांचा अभिमान जरूर वाटावा, मलाही वाटतो. पण 'कधी ओरबाडलं नाही' हे इनामगावच्या पुराव्यावरून सांगता येत नाही, आणि ते सांगितलं तर त्या जागेचा सगळ्यात मोलाचा धडा हातचा जातो.

इनामगावचे तीन टप्पे मानतात. आधी माळवा संस्कृतीचा काळ, मग जोर्वे संस्कृतीचे दोन, आद्य म्हणजे सुरुवातीचा जोर्वे (साधारण इ.स.पू. १४०० ते १०००) आणि उत्तर म्हणजे नंतरचा जोर्वे (१००० ते ७००). आद्य जोर्वेत चांगली चौकोनी घरं आहेत, पाट आहे, कोठार आहे, बांगडीसारखी वाजणारी ती सुरेख काळ्या नक्षीची लाल भांडी आहेत. उत्तर जोर्वेत चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या येतात, भांडी ओबडधोबड होतात, शेतीचा जोर कमी होऊन शिकार आणि जनावरं पाळण्याकडे कल वाढलेला दिसतो, आणि शेवटी गाव उठतं. तेही एकटं इनामगाव नाही, जोर्वे संस्कृतीची बहुतेक गावं त्याच्या बऱ्याच आधी ओस पडली, प्रवरेकाठचं दायमाबादसुद्धा. इनामगाव त्यातल्या त्यात जास्त टिकलं.

का? धवलीकरांनी हवामान कोरडं होत गेल्याचं कारण मांडलं. ते सगळ्यांनी तसंच्या तसं मान्य केलं नाही, काहींच्या मते जमिनीचा वापर, लोकांची फिरस्तीची पद्धत, व्यापाराचे बदललेले संबंध हेही बघायला हवं. म्हणजे मुलांसमोर एक खरा, अजून न सुटलेला प्रश्न ठेवता येतो: ह्यांच्याकडे पाट होता, बांध होता, कोठार होतं, तरी पुढे असं का झालं? 'पूर्वज थोर होते' म्हटलं की हा प्रश्न विचारायची सोयच उरत नाही. आणि 'पूर्वजांनी निसर्गाचा नाश केला म्हणून मेले' असं सांगणारेही भेटतात, तेही तितकंच उथळ. मुलांना दोन्ही नकोत. पुरावा द्या, घरांचे नकाशे शेजारी शेजारी ठेवा, धान्याची यादी द्या आणि त्यांना बोलू द्या.

सह्यवारा

तुमचं म्हणणं विचार करण्यासारखं आहे. चौकोनी घरांवरून गोल झोपड्यांवर आले हे मला माहीत नव्हतं. तरी मी म्हणेन की अभिमानाशिवाय ओढ लागत नाही, निदान लहान वयात. पाचवी-सहावीला टाकी दाखवा, नववीला इनामगावचा शेवट दाखवा असं करता येईल का?

लेणीवेडी

हे पटलं. वयाप्रमाणे करावं. लहानांना गाव उठल्याचं ऐकून नुसती भीती बसते, त्यांना हात लावून बघता येईल असं काही द्यावं.

रॉकीजवरून

मी बरीच वर्षं अमेरिकेत कोलोरॅडोत आहे. इथे मेसा व्हर्दे म्हणून जागा आहे, कड्यांच्या कपारीत बांधलेली दगडी गावं, बाराव्या-तेराव्या शतकातली. तेराव्या शतकाच्या शेवटी तिथले लोक दक्षिणेकडे निघून गेले. १२७६ ते १२९९ असा मोठा दुष्काळ पडला हे झाडांच्या खोडातल्या वर्तुळांवरून कळलं. जवळच कॉर्टेझला क्रो कॅनियन नावाची संस्था १९८० च्या दशकापासून शाळकरी मुलांना प्रत्यक्ष पुरातत्त्वाच्या कामात घेते. माझी मुलगी शाळेतून गेली होती.

खापरशोध म्हणतात तो मुद्दा तिथेही तसाच येतो. मुलांना आधी वर्तुळं मोजायला लावतात, दुष्काळ सापडतो, मुलं खूश होतात की उत्तर मिळालं. मग दाखवतात की आधीही दुष्काळ पडले होते आणि तेव्हा सगळे गेले नव्हते. मग काय वेगळं होतं? लोकसंख्या वाढलेली, भांडणं वाढलेली, जायला मोकळी जमीन कमी. आणि एक गोष्ट फार आवडली, तिथल्या लोकांचे वंशज प्वेब्लो समाजाचे लोक आज हयात आहेत आणि मुलांना ते स्वतः सांगतात की आम्ही नाहीसे झालो नाही, आम्ही जागा बदलली.

खापरशोध

अगदी हेच. जागा बदलणं हाही एक उपाय असतो. आपल्याकडे ऊसतोडीला दरवर्षी जाणारी मुलं वर्गात बसलेली असतात, त्यांना हे इतरांपेक्षा आधी समजेल.

घोडकाठी

@खापरशोध, शेवटचं वाक्य वाचून थांबलो. आमच्या वर्गात आहेत अशी मुलं, साखरशाळेतून आलेली. पुढच्या वेळी गट पाडताना त्यांनाच बोलायला सांगेन.

उसाचा हिशोब वर अर्धा सोडला होता तो पूर्ण करतो कारण इनामगावच्या धान्याच्या यादीनंतर मी हाच करायला लावतो. उसाला वर्षाचं २,००० मिमी पाणी धरा. एकर म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटर. म्हणजे एकराला ८० लाख लिटर. आमच्याकडचा पाऊस ५०० मिमी धरला तर त्या एकरावर आभाळातून पडतं २० लाख लिटर, तेही सगळं मुरलं असं धरून. उरलेले ६० लाख घोड धरणाचे, विहिरीचे, बोअरचे. मग बाजूला जव, मसूर, कुळीथ लिहायचं आणि विचारायचं की ह्यांनी हीच पिकं का घेतली असतील. ऊस वाईट असं मी वर्गात म्हणत नाही, निम्म्या घरांची चूल त्यावर चालते. पण आकडा माहीत असायला हवा. एका मुलीने वडिलांना हा हिशोब दाखवला, त्यांनी आधी झटकून टाकलं आणि मग संध्याकाळी परत मागितला असं तिने सांगितलं.

बहात्तरचा_साक्षीदार

मी ह्या धाग्यावर सगळ्यात वयस्कर असेन. इनामगावचं उत्खनन १९६८ ते ८३ म्हणालात, म्हणजे १९७२ चा दुष्काळ मधेच येतो. त्या साली मी पोरगा होतो, नगर जिल्ह्यात. आई-वडील दोघं खडी फोडायला जायची, आम्ही भावंडं कामावर सुकडी मिळायची ती खायला जायचो. रेशनला लाल मिलो ज्वारी यायची, तिची भाकरी घशाखाली उतरत नसे. पाणी नव्हतं असं नाही बरं का, त्या साली खोल गेलं तर विहिरीला पाणी लागत होतं, अन्न नव्हतं. जनावरांचे हाल बघवत नव्हते. आता उलटं झालंय, दुकानात धान्य आहे आणि पाचशे फुटावर पाणी नाही.

माझी सूचना एवढीच की सर, मुलांना टेकाडावर न्याल तेव्हा सोबत गावातली दोन म्हातारी माणसं न्या. तीन हजार वर्षांपूर्वीचा दुष्काळ कसा होता ते मुलांना दिसायचं नाही, पण पन्नास वर्षांपूर्वीचा आमच्या तोंडून ऐकला तर तो कोरडा पाट आणि ती गोल झोपडी त्यांना कळेल. आम्ही आहोत तोवर करून घ्या.

घोडकाठी

काका, तुमचा शब्द प्रमाण. हे नक्की करतो. पाणी होतं पण अन्न नव्हतं हे तुम्ही जे लिहिलंय ते मुलांनी स्वतः विचारून लिहून घ्यावं असं आहे.

सड्यावरची

कोकणातून हजेरी! रत्नागिरी, लांजा, राजापूर भागातली कातळशिल्पं विसरू नका. जांभ्या दगडाच्या सपाट सड्यांवर कोरलेले हत्ती, मासे, पक्षी, माणसं, आणि ज्यांचा अर्थ अजून लागला नाही अशा आकृत्या. कशेळीचा हत्ती तर एवढा मोठा की शेजारी उभं राहून अख्खा दिसतच नाही. ह्यातली नऊ ठिकाणं, सात रत्नागिरी जिल्ह्यातली, एक सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि एक गोव्यातलं फणसामळ, २०२२ मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली.

तुमच्या विषयाशी नातं असं, की सरकारी कागदावर सडा म्हणजे पडीक जमीन. लोकही म्हणतात तिथे काय आहे, दगड. आणि चिरेखाण सुरू झाली की यंत्राने चिरे कापत जातात, कोरलेलं कापलं गेलं तरी कळत नाही. पण जुलै-ऑगस्टमध्ये मुलांना न्या, तो दगड राहत नाही. खळग्यांत पाणी साचतं, त्यात बेडकांची पिल्लं, काठाला निळी सीतेची आसवं, पांढरे गेंद, आणि तेच पाणी कातळातून झिरपत खाली वाडीच्या विहिरीला आणि पऱ्ह्याला (ओढ्याला) जातं. मी मुलांना एकाच जागी दोन वह्या करायला लावते, एका वहीत कोरलेले प्राणी, दुसऱ्या वहीत त्या दिवशी तिथे दिसलेले जीव. कोरलेल्यांत हत्ती येतो, काही ठिकाणी गेंडा ओळखलाय अभ्यासकांनी, आणि गेंडा आज कोकणात कुठे आहे? मग दुसरी वही उघडून विचारायचं की ह्यातलं शंभर वर्षांनी काय उरेल. फुलं असताना चपला घालून सडाभर फिरायचं नाही एवढा नियम मात्र कडक ठेवते, कोरीव रेषांवर पाय ठेवायचा नाही हा तर आहेच.

पुनवडीकर

सड्याला पडीक म्हणतात हे वाचून वाईट वाटलं. ही जोडी, शिल्प आणि विहीर, ग्रामपंचायतीला पण पटेल अशी आहे. चिरेखाणीला विरोध म्हटलं की रोजगाराचा मुद्दा येतो, विहिरीचं पाणी म्हटलं की सगळे ऐकतात.

सड्यावरची

हो, आणि मुलांनी सांगितलं तर जास्त ऐकतात.

बडोद्याचा

धोलावीरा लिहायचं राहिलं कुणी? कच्छच्या रणातल्या खदिर बेटावर, पाऊस तुरळक, मनसर आणि मनहर असे दोन हंगामी नाले, आणि हडप्पा काळातल्या त्या शहराने ते नाले अडवून शहराभोवती मोठमोठी जलाशयं केली. २०२१ ला जागतिक वारसा झालं. लांब आहे पण कॉलेजच्या मुलांना न्यायलाच हवं. दगडी जलाशयाच्या पायऱ्या उतरून तळाशी उभं राहिलं की शहराचा किती भाग पाण्यासाठी राखलेला ते आपोआप कळतं.

अकरावीची_बाई

अकरावी-बारावीला 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' हा विषय आहे, त्यात प्रकल्प करावा लागतो. प्रामाणिकपणे सांगते, बहुतेक ठिकाणी प्रकल्पवही बाजारातून किंवा मागच्या वर्षीच्या मुलांकडून येते. मुलांनाही माहीत असतं, आम्हालाही. ह्या धाग्यावरचं एकेक पोस्ट म्हणजे एकेक खरा प्रकल्प आहे, आणि तो नक्कल करताच येत नाही, कारण आपल्या गावचं टाकं, आपली विहीर, आपल्या आजोबांचा दुष्काळ ह्याचे आकडे दुसऱ्याच्या वहीत नसतात. ज्यांच्या गावाजवळ इनामगाव किंवा कान्हेरी नाही त्यांनी काय करावं हा प्रश्न मला विचारला गेला. महाराष्ट्रात किल्ला, बारव, लेणं, तळं ह्यातलं काहीतरी प्रत्येक तालुक्यात आहे. किल्ल्यावरची टाकी घ्या, कातळ खोदला की टाकंही होतं आणि निघालेला दगड तटाला वापरता येतो, पोरांना हे फार आवडतं. आमच्या गावची बारव गाळाने भरलीय, मुलांनी फक्त पायऱ्या मोजून, जुन्या लोकांना विचारून पाणी पूर्वी कुठल्या पायरीपर्यंत असायचं ते काढलं. एवढाच प्रकल्प. पण त्यात भूजल कसं उतरत गेलं ते पायरीपायरीने आलं.

लेणीवेडी

पायरीवरून पाण्याची पातळी! हे चोरते मी.

खापरशोध

दोन-तीन काळजीच्या गोष्टी, उत्साहात राहून जातात म्हणून. टेकाडावर खापरं दिसतात, मुलं खिशात घालतात. घालू द्यायची नाहीत. खापर कुठे पडलं होतं हीच अर्धी माहिती असते, घरी नेलं की ते नुसतं फुटकं मडकं. फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवा, होतं तिथे ठेवा. खणायचं तर अजिबात नाही, काठीनेसुद्धा, परवान्याशिवाय उत्खनन हा गुन्हा आहे. 'उत्खननाचा अनुभव' द्यायचाच असेल तर शाळेच्या आवारात वाळूचा खड्डा करून त्यात फुटकी मडकी थरांनी पुरा. आणि टेकाडाभोवती लोकांची शेतं आहेत, मालकाला विचारून जा, उभ्या पिकातून पन्नास मुलं नेऊ नका.

अकरावीची_बाई

परवानगीचं काय? मुलींना घेऊन जायचं तर आमच्याकडे पालकांची पत्रं, बसचा विमा, सगळं लागतं, त्यातच महिना जातो.

लेणीवेडी

कान्हेरीचं सांगते. सोमवारी बंद असतं, तो वार टाळा. १५ वर्षांच्या आतल्या मुलांना लेण्यांचं तिकीट नाही, राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेशशुल्क मात्र वेगळं असतं, शाळेच्या लेटरहेडवर आधी पत्र देऊन ठेवा. गेटपासून लेणी सहा-सात किमी आत आहेत, चालत नेऊ नका, मुलं पोचेपर्यंत दमतात आणि मोजमाप राहून जातं. डबे पिशवीत बंद, माकडं आहेत. पावसाळ्यात खडक शेवाळलेला असतो, पण पाणी खाचेतून वाहताना बघायचं असेल तर तेव्हाच. मी मोठ्या मुलांना सप्टेंबरअखेर नेते आणि लहानांना डिसेंबरात. दर दहा मुलांमागे एक मोठं माणूस हवंच, टाक्यांना कठडे नाहीत.

घोडकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. आमचं असं ठरतंय: दिवाळीनंतर आधी संग्रहालय, मग मैदानावर पाट, मग टेकाड, आणि टेकाडावर बहात्तर बघितलेले दोन आजोबा आणि एक आजी (आजींनी होकार दिलाय, त्यांनी पाझर तलावाच्या कामावर माती वाहिली होती). धान्याची यादी, घरांचे दोन नकाशे आणि उसाचा हिशोब असा एक कागद तयार करतोय, एका पानात बसवायचा प्रयत्न आहे. @खापरशोध, आद्य आणि उत्तर जोर्वे घरांचे साधे रेखाटलेले नकाशे, मुलांना मीटरपट्टीने मोजता येतील असे, करून देता येतील का? प्रमाण १:१०० चालेल.

खापरशोध

देतो. चौकोनी एक, पाच खोल्यांचं एक आणि गोल झोपड्यांचा एक गट. चुली आणि पेवं पण दाखवतो म्हणजे मुलं धान्य किती मावत असेल ते काढतील. पुढच्या रविवारपर्यंत इथेच टाकतो, ज्याला हवे त्याने घ्या.

अकरावीची_बाई

मला पण हवेत. पेवांची खोली लिहायला विसरू नका.